तेवीस ओहम

विजेच्या सामानाच्या दुकानात माझ्यापुढे रांगेत बहीण-भाऊ उभे होते. भावाच्या हातात काळवंडलेल्या प्लगची एक्स्टेंशन वायर होती.

“ताई, हीटरवर स्पष्ट लिहिलंय. दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर.”

“मग भागाकार कर. रोध किती आला?”

“तेवीस ओहम. एवढ्याशा रोधानं वायरचं काय बिघडणार?”

“अरे, रोध कमी म्हणूनच प्रवाह जास्त. कितीदा सांगू? आता गुणाकार कर.”

“दोन हजार तीनशे वॅट.”

“आणि ही वायर सहा अँपिअरची. दहाचं ओझं तिच्या डोक्यावर दिलंस.”

“हीटर विकणारा म्हणाला चालेल.”

“त्याची आई नाही झोपत त्या खोलीत.”

“तू लांब राहून फोनवर गणितं शिकवतेस. आईपाशी मी असतो. गारठ्यानं तिचे गुडघे धरतात, म्हणून हीटर आणला. आठवडाभर चालला, प्लग काळा पडला, बाकी काही झालं का?”

“नाही झालं, कारण तू खोलीबाहेर पडलास की आई तो बंद करते.”

“काय?”

“जळका वास येतो म्हणून. मग स्वेटरवर स्वेटर चढवून बसते.”

“मला का नाही बोलली?”

“पोरानं एवढ्या हौसेनं आणलाय, म्हणाली.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

“काय देऊ?” दुकानदारानं विचारलं.

“सोळा अँपिअरची वायर,” भाऊ म्हणाला. “ताई, किती लांब घेऊ? हीटर तिच्या पायांपाशी ठेवता आला पाहिजे.”