झोपेचं गाऱ्हाणं

आमी पूर्णगडचे खारवी, बाप मचव्यावर, बापाचा बाप मचव्यावर, मी सुकाणू धरलं तवा मिसरूड पण फुटलं नव्हतं. मग मचव्याचा म्होरक्या, तांडेल झालो, मंगळुरी कौलं भरून आणली, वादळात सापडलो, पण भ्यालो नाय, खोटं कशाला सांगू तुमास्नी, दोरखंडाच्या वेटोळ्यावर पण घोरायचो मी.

झोप गेली ती गुडघे गेल्यावर. मचवा ल्योकाच्या, पांडूच्या हातात दिला नि ओटीवर बसलो. पांडू दर्यात गेला की डोळ्याला डोळा लागायचा नाय. वारा जरा फिरला की वाटायचं, गेला मचवा. उठायचो, पाणी प्यायचो, परत पडायचो, छाती आपली धडधडतेय. मग दिवसा शीड शिवताना डुलक्या. सून विचारायची, बाबा, रातचे झोपत नाय काय, मी म्हणायचो, म्हातारपण गो, दुसरं काय. तांडेल वाऱ्याला भितो हे सुनेला कुठल्या तोंडानं सांगू. नि पांडूला तर नायच नाय, बाप भितो हे कळल्यावर पोराचा हात सुकाणूवर ठरेल काय.

म्हणून गुपचूप गुरवाला नारळ दिला, म्हटलं, देवाच्या कानावर हळूच घाल. आता बघा माझी अक्कल. गाऱ्हाणं कधी कोणी हळू घातलंय काय, सारा जन्म ऐकत आलो, पण माझ्या वेळेला वाटलं कुजबुजेल. नारळी पुनवेला होड्या सुटायच्या, अख्खा गाव देवळात, गुरवानं नारळ धरलान नि खणखणीत म्हटलान, बा देवा म्हाराजा, हा तुझा म्हातारा तांडेल, ल्योक दर्यात गेला की भितो, रात रात झोपत नाय, त्याचं भय काढून टाक रे म्हाराजा. नि सारा गाव म्हणतो, होय म्हाराजा. पांडू माझ्या बाजूलाच उभा, तो पण बोलला, होय म्हाराजा. मान खाली गेली ती वर काढवेना.

वाटेत चढणीवर पांडूनं मला हात दिलान. मी म्हटलं, अरे तू जा, माझ्याकडं बघू नको. म्हटलान, बाबा, तुमचं भय संगती घेऊन मला मचवा हाकवत नाय. मचवा विकलान नि सुनेला माझ्याकडं ठेवून आगबोटीनं मुंबईला गेला, गिरणीत. बापजाद्यांचं सुकाणू माझ्या भीतीनं सुटलं.

आता झोपतो काय म्हणून विचारता. झोपतो, चांगला गाढ झोपतो. सुनेचे डोळे सकाळी सुजलेले असतात, तिला मी काय विचारत नाय. पांडूनं गाववाल्याकडून सांगावा धाडलान, रातपाळी हाय, दिवसा चाळीत डोळा लागत नाय. देवानं ऐकलान, त्याला कसला बोल लावू. रोज दिवा लागला की हात जोडतो, पोराला सुखी ठेव, झोप दे रे म्हाराजा, नि लाज वाटते सांगायला, तेवढं म्हणून होईस्तवर माझाच डोळा लागतो.