रूबेनभाऊंच्या आईचं गोंदण

गोंदणाचा विषय काढलात म्हणून सांगतो. चाळीसगावला रेल्वेत माझ्याबरोबर नोकरीला रूबेनभाऊ होते, धर्मानं ज्यू. त्यांच्या आईनं लहानपणी दोंडाईच्याला शेजारणींच्या नादानं हातावर तुळस गोंदवून घेतली होती. म्हातारपणी तिनं धसकाच घेतला.

"आपल्यात गोंदण चालत नाही. असल्या हातानं मला आपल्या लोकांत पुरतील का रे?"

एक दिवस गोंदण जाळून काढायला तिनं हातावरच्या तुळशीवर बिब्बा घातला. हात सडला, म्हातारी गेली.

मातीसाठी मुंबईहून त्यांचे धर्मगुरू आले. मी त्यांना म्हातारीचा हात दाखवला, तिची भीती सांगितली.

"गोंदवू नये, हे खरं. पण गोंदलेलं जाळा, असं कुठं सांगितलंय? तशीच पुरली असती."

रूबेनभाऊ आईच्या हाताकडं बघत म्हणाले,

"आई म्हणायची, गुरुजींना विचार. मी म्हणायचो, घरात काही कार्य निघालं की येतीलच, तेव्हा विचारू."