नवरीच्या अंगातला केवडा

(पूर्व जावातलं एक गाव. उद्या साखर कारखान्याचं गाळप सुरू होणार. त्याआधी उसाच्या नवरा-नवरीचं लग्न. नवरी म्हणून निवडलेला ऊस, कमरेला बाटिकचं नक्षीदार कापड नेसून, ज्या फडात उभा आहे, त्याच्या बांधावर तिघं: फडाचा मालक म्हातारा जस्वादी, त्याची बायको वागियेम आणि ऊस संशोधन केंद्रातली वेनिंग; ती या दोघांना पाकदे-बुदे, म्हणजे काका-काकू म्हणते.)

जस्वादी : केवडा रोग? माझ्या नवरीला? डोळे फुटले की काय तुझे, पोरी! पानावर एक पिवळी रेघ दाखव, मिशी उतरवून देतो.

वागियेम : आहेत किती केस त्या मिशीत! तिला बोलू तरी द्या.

वेनिंग : रेघ नाहीच, पाकदे. म्हणून तर मीही फसले. रोग अंगात आहे, पानावर आलेला नाही.

जस्वादी : मागच्या खेपेला तूच म्हणालीस ना, फड निर्मळ आहे?

वेनिंग : म्हणाले, आणि तेव्हाच मनात पाल चुकचुकली. गावातल्या सुवितोंच्या फडात पानं धडधडीत पिवळी, अन् तपासणी म्हणते रोग नाही. मग खोटं कोण, पान की तपासणी?

वागियेम : पान कशाला खोटं बोलेल?

वेनिंग : तेच, बुदे. या विषाणूचं घराणं मोठं आहे. भाऊबंद खूप, आणि प्रत्येकाची ठेवण निराळी. आमची तपासणी एकाच भावाला ओळखायची, बाकीचे तिच्यासमोरून खुशाल निघून जायचे. मग गावोगावची पानं आणली, एकेका विषाणूची जनुकं वाचली, सगळ्यांत सारखा असलेला तुकडा हुडकला आणि त्यावर नवी तपासणी बांधली. तिच्यात तुमची नवरी सापडली.

जस्वादी : पुन्हा करून पाहिलीस?

वेनिंग : दर वेळी तेच.

वागियेम : म्हणून ही चिखलात बसून पानं खुडत होती! आणि आम्ही बायका म्हणायचो, नवरा मिळेना म्हणून उसाशी बोलते.

जस्वादी : बरं, असू दे. उद्या चरकातच जाणार ती. साखर बिघडते का?

वेनिंग : साखरेला काही होत नाही. पण तिचं वाढं...

जस्वादी : वाढ्याचं काय? लग्न लागलं की तो शेंडा तोडून, कांड्या करून घरोघर वाटतो. लोक आपापल्या फडात लावतात, बरकत येते. माझ्या बापापासून चालत आलंय.

वेनिंग : उद्या कांड्या वाटू नका, एवढंच सांगायला आले होते.

जस्वादी : माझ्या फडातला हा जो भाऊ आहे, तो आणखी कुणाकडे निघाला?

वेनिंग : जाऊ द्या ना, पाकदे.

जस्वादी : विचारलं ते सांग.

वेनिंग : सुवितोंकडे. मशिदीमागच्या फडात. जिथे जिथे तुमच्या कांड्या लागल्या, तिथे बहुतेक सगळीकडे.

जस्वादी : म्हणजे आशीर्वाद म्हणून मीच... या हातांनी.

वेनिंग : तुम्हाला कसं कळणार होतं? यंत्रं हाताशी असून मला कळलं नाही.

जस्वादी : पण तुला ते सललं. मी असतो तर निर्मळ म्हटल्यावर कौतुक करून घेत बसलो असतो. आपलीच तपासणी खोटी म्हणायला छाती लागते, पोरी. बायकोनं सांगूनही मला ते कधी जमलं नाही. उद्या लोकांसमोर मी बोलणार. तू नुसती शेजारी उभी राहा.

वागियेम : आणि लग्न? नवरा एकटाच जाणार कारखान्यात?

जस्वादी : हिच्या केंद्रातल्या निरोगी बेण्यातली नवरी आणू. जरा बारीक आहे, एवढंच.

वागियेम : मी तरी कुठं जाडजूड होते? केलीच ना पसंत!

जस्वादी : या फडातला ऊस गाळपाला जाऊ दे. बुडखे उपटून जाळायचे, पुन्हा फुटायला खोडवा ठेवायचा नाही, लावायला बेणं कुणाला द्यायचं नाही. बरोबर?

वेनिंग : बरोबर, पाकदे.

जस्वादी : मग कोयत्यावरून रोग पसरू नये म्हणून तो तुझ्या त्या औषधात बुडव आणि दे इकडे. नवरीपासूनच सुरुवात करू.

वागियेम : थांबा. आधी तिच्या कमरेचं बाटिक सोडते.