खोब्रेकरांचा काळा फोटो

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्याने देऊ नका, घरी गेल्यावर अडचण होईल! प्रेम कुणाचं खरं? ‘वा वा’ करणाऱ्याचं, की नीट बघणाऱ्याचं? तुम्ही म्हणाल, बुवा, दोन्ही एकच. एकच? बरं. मग ऐका!

मालवणात मनोहर खोब्रेकर नावाचे गृहस्थ. एसटीतून निवृत्त झालेले. गळ्यात कॅमेरा, डोक्यात कॅमेरा! या खोब्रेकरांनी इंटरनेटवर फोटोवेड्यांचं एक मंडळ काढलं. नाव ‘उजेड मंडळ’. कुणी नागपूरचा, कुणी बेळगावची. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, पाहिलेत ते फक्त फोटो. नियम एकच — आपला फोटो टाकायच्या आधी दुसऱ्याच्या फोटोतला एक दोष लिहायचा. दोष! पेटीवाले, दचकू नका, तुमच्याबद्दल नाही चाललंय.

यात सगळ्यांत जहाल कोण? वाईच्या शालिनीबाई गद्रे. चित्रकलेच्या शिक्षिका, सदतीस वर्षं पोरांचे कान पिळलेले. खोब्रेकरांनी सूर्यास्त टाकला. बाईंनी लिहिलं, “समुद्र उजवीकडे कलला आहे. मासे खाली पडतील.” खोब्रेकर दोन दिवस जेवले नाहीत — म्हणजे, नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा किनाऱ्यावर! समुद्र सरळ! अशी चौदा वर्षं गेली, आणि माणूस शिकला हो.

मग काय झालं? कराडच्या एका दातांच्या डॉक्टरांनी नातवाचा फोटो टाकला. बाईंनी लिहिलं, “नातू गोड आहे. विजेचा खांब त्याच्या डोक्यातून उगवलाय.” झालं! डॉक्टर चिडले. त्यांच्यामागे आणखी वीसजण चिडले. “आम्ही इथे आनंदासाठी येतो, शाळेत नाही!” मंडळ फुटेल म्हणून खोब्रेकर घाबरले. नियम काढून टाकला आणि बाईंना कळवलं, “बाई, यापुढे चांगलं तेवढंच लिहावं.” बाईंनी उत्तर दिलं, “बरं.” त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही.

आता आनंदीआनंद! जो तो “अप्रतिम!” पुढे तेवढं लिहायचाही कंटाळा आला, म्हणून लाल बदाम आला. बोट लावलं की कौतुक संपलं! मग लोकांच्या लक्षात आलं, इंटरनेटच्या मोठ्या बाजारात बदाम जास्त मिळतात. एकेक करून तिकडे गेले. दोनशेचे उरले तीस.

खोब्रेकरांना शंका आली. एका सकाळी खाडीवर गेले, कॅमेऱ्याचं टोपण न काढताच खटका दाबला. फोटो काळा कुळकुळीत! खाली नाव दिलं, ‘खाडीवरची पहाट’, आणि टाकला मंडळात. अकरा बदाम आले, मंडळी! एकाने तर लिहिलं, “रंगसंगती सुंदर.”

तुम्ही हसताय. खोब्रेकर नाही हसले. चौदा वर्षं ज्यांच्यासाठी उन्हातान्हात हिंडलो, ते बघतच नव्हते? त्यांनी सूचना लावली, “शनिवारी मंडळ कायमचं बंद. सगळे फोटो पुसले जातील.” त्यालाही नऊ बदाम! कराडच्या डॉक्टरांनी लिहिलं, “वा! असंच चालू ठेवा.”

शनिवार उजाडला. खोब्रेकर बटणावर बोट ठेवून बसलेले. पत्नी म्हणाली, “अहो, त्या वाईच्या बाईंना एकदा विचारा तरी.”

“कुठल्या तोंडाने विचारू?”

“ज्या तोंडाने गप्प बसवलंत, त्याच!”

लावला फोन. “बाई, खोब्रेकर बोलतोय. चुकलं माझं. मंडळ मोडतोय.”

“मोडा,” बाई म्हणाल्या. “पण तो काळा फोटो आधी परत काढा.”

“तुम्ही… पाहिलात?”

“रोज सगळे पाहते. लिहायला बंदी केलीत, बघायला नाही. खाली डाव्या कोपऱ्यात करडी रेघ आहे. टोपण नीट बसलं नव्हतं, उजेड शिरलाय.”

खोब्रेकरांनी फोटो मोठा करून पाहिला. होती! केसाएवढी रेघ! अहो, त्या माणसाला रडू कोसळलं. बायको विचारतेय काय झालं, आणि हे म्हणतात, “टोपण बसलं नव्हतं गं!”

संध्याकाळी जुना नियम पुन्हा लावला. पंचवीस माणसं लगेच निघून गेली. पाच उरली. ती पाच रोज भांडतात, आणि मंडळ चालू आहे.

आता तुमच्याकडे वळू? आज लक्ष्मीनारायणासमोर प्रत्येकाने हात जोडले, मी बघत होतो. डोळे मिटून जोडले! बाहेर पडताना म्हणालात, “काय सुंदर पूजा बांधलीय!” अहो, देवाचा मुकुट दुपारपासून डाव्या कानावर आलाय! गुरव, रागावू नका, तुम्हाला एकानेही सांगितलं नाही. — थांबा! आता माना वळवू नका! आधी थोडी लाज वाटू द्या. मग डोळे उघडे ठेवून बघा, कुणीतरी उठून तो सरळ करा, आणि जयजयकार त्यानंतर!