किंमत ठरवायला आलेला पाहुणा

आमच्या फ्लॅटची किंमत ठरवायला आलेल्या मिस्टर लिमची गंमत तुम्हाला सांगितली नाही का मी? आमच्या ह्यांचा धंदा बुडाला, दिवाळखोरी जाहीर झाली आणि चार महिन्यांत हेही गेले. सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातला आमचा फ्लॅट गहाण होता, हप्ते थकले होते, म्हणून बँक तो विकणार होती. त्या मंगळवारी अकराला बँकेतर्फे मिस्टर लिम येणार, म्हणून मी सकाळीच कांदा चिरायला घेतला.

"आई, तो आपलं घर विकायला येतोय आणि तू पोहे करतेस? क्रेझी लाह!" माझी लेक ईशा इथल्या पोरांसारखा 'लाह' लावून म्हणाली.

"घरी आलेल्या माणसाला काय तसंच पाठवायचं?"

मिस्टर लिमनी बशी चाटूनपुसून संपवली आणि खोल्या मोजायला टेप काढली. मी मागोमाग. "इथे वारा छान येतो हं. शेजारी अगदी शांत."

"आई, मुलगी दाखवतेयस का?" ईशा कुजबुजली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांनी टेप गुंडाळली.

"आंटी, बँकेने विक्री सहा महिने थांबवली. तोवर तुम्हीच गिऱ्हाईक शोधा. आज मला काम नाही."

"अय्या, मग?"

त्यांनी रिकामी बशी पुढे केली. "मग अजून थोडे मिळतील? आता मी पाहुणा."

ईशा आणि मी इतक्या हसलो की वाढताना निम्मे पोहे टेबलावर सांडले. हे गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं.

दारावरची ह्यांच्या नावाची पाटी उतरवायला मी सकाळीच स्क्रूड्रायव्हर काढून ठेवला होता. ती पाटी उतरवायची अजून राहिली आहे.