निघण्याआधीचा खर्च

धाकटी: सगळं मिळून दोन लाख बहात्तर हजार. हा नुसता निघण्याआधीचा खर्च, बरं का. फिरतानाचे पैसे वेगळे, त्यांना हात लावायचा नाही.

ताई: असं तोंडी नको. तू एकेक वाच, मी लिहिते. कात्री लावायच्या आधी सगळं कागदावर पाहिजे.

धाकटी: म्हणून तर तुझ्या दुकानात आले. तिकिटं, दोघांची, ब्याण्णव हजार. वर्षभराचा विमा, एकरकमी, चौसष्ट. लसी अठ्ठावीस. पहिल्या चार देशांचे व्हिसा सेहेचाळीस. पाठीवरच्या बॅगा आणि बूट, तीस.

ताई: तीस! सोन्याचे बूट घेतेयस का नवऱ्याला?

धाकटी: वर्षभर तेच पायात राहणार गं. आणि घरातलं सामान ठेवायला खोली घेतलीय, तिचे बारा.

ताई: फ्रिजसुद्धा खोलीत ठेवणार?

धाकटी: विकला. स्कूटरपण विकली.

ताई: मला विचारायचंस तरी.

धाकटी: “असल्या खटाऱ्यावर मी बसणार नाही” असं तूच म्हणालीस!

ताई: बसायचं नव्हतंच मला. तू विचारायचं होतंस. बरं, दात दाखवलेस का? ती मागची दाढ?

धाकटी: नाही अजून.

ताई: विम्यात दात धरत नाहीत. तिकडे ठणकायला लागली तर रडत बसशील. दोघांचे दात, चौदा हजार. चष्म्याची एक जादा जोडी, सहा. परतीच्या तिकिटाचं काय?

धाकटी: ते पैसे वेगळ्या खात्यात आहेत. दाढ मात्र खरंच डोक्यात नव्हती. तू नसतीस तर काय केलं असतं मी?

गिऱ्हाईक बाई: आहेस का गं? झाली का माझ्या जॅकेटची चेन?

ताई: या, खुंटीवर आहे बघा.

गिऱ्हाईक बाई: अगंबाई, ही धाकटी ना? जग फिरायला निघालीय ती? अख्ख्या गल्लीत तुझंच चाललंय. धीराची हो पोरगी! तुमच्या घराण्यातली पहिलीच.

ताई: सुटे द्या, बाई.

गिऱ्हाईक बाई: घे, मोजून घे. तुझ्या ताईला कोण फसवणार? बावीस वर्षांत एका बटणाची चूक नाही झाली हिच्या हातून. सुखाने जा हो तुम्ही दोघं.

धाकटी: किती छान बोलतात या बाई.

ताई: बोलघेवड्या आहेत. हेच जॅकेट तीनदा सैल करून नेलंय. घे, बेरीज झाली. तीन लाख छप्पन्न हजार.

धाकटी: किती?

ताई: राहिलेलं सगळं धरलं की होतातच. मागच्या बाजूलाही लिहिलंय थोडं.

धाकटी: ताई, तीन लाखांच्या वर जायचं नाही असं ठरलंय आमचं. आत्ताच छप्पन्न हजार जास्त गेले, तर शेवटचे तीन महिने खायचं काय? आज सहाला तो तिकिटाचा स्वस्त भाव संपतोय. नवरा माझ्या फोनची वाट बघत बसलाय.

ताई: मग सांग त्याला, नको घेऊ म्हणावं. पुढच्या वर्षी जा. जग काय पळून जातंय?

धाकटी: पुढच्या वर्षी त्याला रजा नाही मिळायची. या वर्षाचीच कशीबशी मिळालीय. लावते फोन... लागत नाहीये. तोवर दाखव तो कागद, कुठे काही कमी होतंय का बघते. ताई, हे मागे काय लिहिलंयस? “परदेशातलं आजारपण, अपघात.” चौसष्ट हजार.

ताई: लागतात तेवढे.

धाकटी: पण त्यालाच तर विमा म्हणतात. तो पुढच्या बाजूला आहे. चौसष्टच.

(शिलाईचं मशीन थांबतं.)

धाकटी: चुकून दोनदा धरलंस का गं?

ताई: चुकून नाही.

धाकटी: म्हणजे?

ताई: मुद्दाम लिहिलं. तू फोन लावलास तेव्हा सांगणार होते. तोंडच उघडलं नाही.

धाकटी: सात वर्षं, ताई! सात वर्षं मी साधा सिनेमा बघितला नाही. जुन्या चपलांना टाके घालून घातले. आणि तू एका ओळीत...

ताई: जळते मी तुझ्यावर. झालं? महिनाभर तू इथे बसून व्हिसा, लसी, अमकं तमकं सांगतेस, आणि माझ्या पोटात दुखतं. खरोखरचं दुखतं.

धाकटी: मग तुम्हीही जा की कुठेतरी. भावोजी तर एका पायावर तयार होतील.

ताई: दोनदा झाले होते. एकदा समुद्रावर आठ दिवस जाऊ म्हणाले, तर मी म्हटलं, ऐन सीझनमध्ये दुकान कसं बंद ठेवू? दुसऱ्यांदा म्हटलं, त्यापेक्षा दुसरं मशीन घेऊ. घेतलं. ते बघ, कोपऱ्यात आहे. मला कुणी अडवलंच नाही गं. अडवलं असतं तर निदान त्याच्या नावाने बोटं मोडली असती.

धाकटी: मला धड रागावताही येत नाहीये तुझ्यावर.

ताई: रागाव. शाळेत आधी मी गेले, सायकल आधी मी शिकले, लग्न आधी माझं. माझे कपडे आखूड करून तू घालायचीस. हे पहिलंच असं, जे तुझं आधी होतंय. आणि ते मला उसवूनही बसायचं नाही.

धाकटी: ताई...

ताई: दे तो कागद. ही ओळ खोडली. दोन लाख ब्याण्णव. वर आठ हजार उरतात. साडेपाच वाजले, लाव फोन.

धाकटी: दात आणि चष्मा तरी खरे ना?

ताई: खरे. ते लिहिताना शुद्धीवर होते मी.

धाकटी: हॅलो? हां, ऐक, घेऊन टाक तिकिटं. हो, दोन्ही. ताईने सगळं तपासलं. नाही रे, काही चुकलं नव्हतं, दाढ तेवढी राहिली होती... हो, आत्ताच घे. ठेवते.

ताई: सांगायचं होतंस त्याला.

धाकटी: काय सांगायचं त्यात?

ताई: आण ती तुझी प्रवासाची पँट इकडे. आतून खिसा लावायचाय ना? पासपोर्ट मावेल एवढा ठेवते, वर चेन. दुहेरी शिलाई मारते, वर्षभर उसवणार नाही.

धाकटी: मी रोज फोटो पाठवीन तुला.

ताई: रोज नको. आठवड्याला एक पाठव. तेवढाच सोसेल मला.