आठ किलोमीटर, दोन सह्या

...आणि वर म्हणतात कसे, 'एकच चढ राहिलाय!' अहो, तुम्हाला सांगतो, त्या टेकडीवर पळणारी जेवढी माणसं आहेत ना, ती एरवी सज्जन असतील, आईवडिलांना सांभाळत असतील, पण चढाच्या बाबतीत एकजात खोटारडी! तुम्ही आपले धापा टाकत, कमरेवर हात ठेवून विचारता, 'अहो, अजून किती?' आणि ते मानही न वळवता, 'एकच चढ राहिलाय!' तो चढलात की वळण. वळणाच्या मागे काय? चढ! बरं, उतार कुठेतरी असणारच ना? असतो. पण उतारावर गुडघे बोलायला लागतात, त्यामुळे त्याचाही काही उपयोग नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला कोणी सांगितलं होतं पळायला? बरोबर आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे. गेली तीस वर्षं मी एका स्टुलावर बसून 'खालची ओळ वाचा, आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं' एवढंच करतोय. जिना चढायचा तर मधल्या मजल्यावर थांबून मी शेजाऱ्यांची चौकशी करतो. त्यांना वाटतं, माणूस किती प्रेमळ आहे. अहो, प्रेम कसलं, दम लागलेला असतो!

पण मुलगी! एकुलती एक, वय एकोणीस, आणि तिला डोंगरातल्या शर्यतीच्या संघात जागा मिळवायचीय. अट काय, तर शहराबाहेरच्या राखीव जंगलातली आठ किलोमीटरची फेरी पंचेचाळीस मिनिटांच्या आत. तिला लागत होती एकोणपन्नास. निवड सात आठवड्यांवर. आणि जंगलाचा नियम असा, की आत एकट्याला सोडत नाहीत. मागे एक जण पाय मुरगळून दुपारपर्यंत तिथेच पडून राहिला होता, तेव्हापासून. फाटकावर रजिस्टर, दोघांच्या सह्या, जोडीने आत, जोडीने बाहेर. तिच्याबरोबर पळणारी मैत्रीण होती, तिला नोकरी लागली, ती गेली परगावी. झालं! पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. बायको मला म्हणाली, 'तुम्ही जा.' मी म्हटलं, 'मी?' तर म्हणते, 'नाहीतरी सकाळी तुम्ही करता काय?' मी माळ्यावरचे जुने बूट काढले.

पहिल्या दिवशी सव्वासहाला फाटकावर. तिथला रखवालदार, मिशीवाला, त्याने मला वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं, आणि रजिस्टर पुढे सरकवत म्हणाला, 'नातेवाइकाचा नंबर लिहा.' मी मुलीकडे बोट दाखवलं. 'ह्या तर आत चालल्यात. बाहेर कोण आहे?' म्हणजे बघा, आत पाऊल टाकायच्या आधीच माणसाने माझी पुढची व्यवस्था सुरू केली!

पहिल्याच चढावर माझा निकाल लागला. मुलगी बिचारी पुढे जाते, थांबते, घड्याळ बघते, परत हाक मारते, 'बाबा, चला, एकच चढ राहिलाय!' पोटची पोर, तीसुद्धा! आठ किलोमीटरला आम्हाला लागले दोन तास दहा मिनिटं, त्यातही शेवटचा भाग मी झाडांना धरधरून उतरलो. आणि ती ओरडली नाही हो. घरी येईपर्यंत नुसती मनगटावरचं घड्याळ पुसत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ही अशी मला ओढत बसली तर पंचेचाळीस मिनिटं काय, पंचेचाळीस वर्षांतही तिची निवड होणार नाही, हे मला कळत होतं.

म्हणून मी डोकं चालवलं. फाटकातून आत तीनशे पावलांवर एक तिठा आहे. तिथूनच फेरी सुरू होते, टेकड्यांना वळसा घालून तिथेच परत येते. आणि तिठ्यावर, झुडपाआड, एक बाक! म्हटलं, मी इथे बसतो, तू पळून ये, मग आपण जोडीने बाहेर. कोणाचं काय गेलं? तिने आधी आढेवेढे घेतले, मग लगेच तयार झाली. तिठ्यावरून निघताना तिची पाठ अशी हलकी झालेली दिसली... बापाला दिसतं ते. मग रोज मी बाकावर, पेपर वाचतोय, कोडं सोडवतोय. बाहेर पडायच्या आधी बाटलीतलं पाणी शर्टावर शिंपडायचं. रखवालदार विचारायचा, 'काय काका, कसं झालं आज?' मी आपलं रुबाबात, 'तो मधला चढ जरा जिवावर येतो बघा!' इतकं की एकदा एक नवखा माणूस धापा टाकत माझ्या बाकापाशी आला, म्हणाला, 'पुढे कितीसं आहे हो?' आणि माझ्या तोंडून गेलं, 'काही नाही, एकच चढ राहिलाय!' बाकावर बसून! म्हणजे बघा, माणूस किती लवकर बिघडतो.

असे तीन आठवडे गेले. तिची वेळ आली सत्तेचाळीसवर. आणि एके दिवशी... ती आलीच नाही. पन्नास मिनिटं झाली, तासही झाला, सव्वा तास. फोनला तिथे रेंज नाही. कोडं राहिलं बाजूला. सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. पाय मुरगळला असेल, दरीच्या कडेला घसरली असेल, आणि जोडीदार कुठाय? जोडीदार बाकावर, आडवा सहा अक्षरी शब्द शोधतोय! तिच्या आईला मी काय सांगणार होतो?

उठलो आणि पळत सुटलो. आता शहाण्या माणसाने काय करावं? ती शेवटच्या टप्प्यात असणार, तर उलट्या बाजूने जावं. पण तिठ्यावर पाटी, 'उलट दिशेने जाऊ नये', आणि बाण. तीस वर्षं पाटीवरची अक्षरं वाचण्यात गेलेला माणूस मी, बाणाप्रमाणे निघालो! आख्खी फेरी पुढ्यात घेऊन! पहिला चढ, हाका मारतोय. दुसरा चढ, हाका मारतोय. एक तरुण जोडपं मागून पुढे गेलं, मी विचारलं, 'निळ्या टी-शर्टातली मुलगी पाहिलीत का?' तर ते काय म्हणाले? 'काका, धीर सोडू नका, एकच चढ राहिलाय!' अहो, मी पोरगी विचारतोय!

आणि मुलगी कुठे होती? मी पहिल्या चढावर असेन, तेव्हा ती तिठ्यावर येऊन पोचलीसुद्धा! तिला उशीर का झाला? सातव्या किलोमीटरवर एक निवृत्त शिक्षिकाबाई गवतात चाचपडत बसल्या होत्या. फिरायला आलेल्या. बुटाची नाडी बांधायला वाकल्या आणि चष्मा पडला. त्याशिवाय त्यांना पुढचं पाऊल दिसत नाही. त्यांची जोडीदार बहीण, तिची दृष्टी त्याहून वरताण! मुलीने अर्धा तास खपून तो शोधून दिला. आणि चष्मा कुठला? माझ्या दुकानातला! आदल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या होत्या, 'कानामागे फार रुततो हो', आणि मीच तो सैल करून दिला होता. वर म्हणालो होतो, 'आता डोळ्यांवर आहे हे कळणारसुद्धा नाही!'

पावणेदोन तासांनी मी तिठ्यावर उतरलो. रखवालदार तिला एकटीला बाहेर सोडेना, ती बाकावर बसलेली, डोळे लाल. मला पाहिलं आणि येऊन बिलगली, आणि मग जी ओरडली! मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. फाटकावर रखवालदाराने माझ्या शर्टाला हात लावून पाहिला. 'काका, हा घाम खारट आहे. इतके दिवस गोडं पाणी असायचं.' सगळं ठाऊक होतं त्याला! म्हणाला, 'उद्यापासून बाकावर दिसलात, तर दोघांची सही बंद.'

मग काय करता? रोज खरी फेरी. पण तिने उपाय काढला. चढ पळत चढायचा, वर जाऊन परत खाली यायचं मला न्यायला, की पुन्हा वर. म्हणजे मी एक चढ चढायचो तेवढ्यात तिचे दोन, कधी तीन व्हायचे. असे चार आठवडे. निवडीच्या दिवशी तिची वेळ, चव्वेचाळीस मिनिटं नऊ सेकंद! प्रशिक्षकाने विचारलं, 'सराव कोणाबरोबर केलास?' म्हणाली, 'बाबांबरोबर.' माझ्या वेगामुळे नाही हो, वेग नसल्यामुळे! पण छाती फुगायची ती फुगलीच.

आता ती संघाबरोबर सराव करते. जाताना म्हणाली, 'बाबा, सुटलात तुम्ही!' सुटलो. दुसऱ्या दिवशी साडेपाचला जाग आली. बसलो. चहा घेतला. परत बसलो. कोणाची तरी हाक येईल असं वाटत राहिलं. वाईट वाटलं, काय सांगू. शेवटी बूट घालून फाटकावर गेलो, तर रखवालदार म्हणतो, 'जोडी कुठाय?'

मेहुण्याला विचारलं, त्याची पाठ धरलेली. समोरच्या औषधवाल्याला विचारलं, त्याला वेळ नाही. बायको म्हणाली, 'मी येते.' मी म्हटलं, 'अगं, तुला झेपणार नाही, चढ आहेत!' आली. तुम्हाला सांगतो, पहिल्याच चढाला ती माझ्या पुढे निघून गेली, वर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, 'येताय ना?' आता रोज हेच. ती पुढे जाऊन माझी वाट बघते, मी मागून येतो आणि बोलणी खातो. सव्वीस वर्षं हेच चाललंय म्हणा. पण घरात निदान जमीन सपाट होती हो!